साहेबांनी मान वळवली

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तीस वर्षं सोलापुरात शाळेत चित्रकला शिकवली – कोणी कुणाच्या वहीत बघून काढलंय, ते पकडण्यातच हयात गेली. तेव्हा हे वाचून हसलात तरी माझी हरकत नाही.

आमच्या गावचे एक नामवंत नाटककार... नाव लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. लोकांनी काढलेल्या त्यांच्या चित्रांवर पुस्तक करायचं ठरलं आणि साहित्य गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तैलचित्रं, रेखाटनं, कॅलेंडरं – सगळी एकाच जुन्या फोटोवरून उचललेली. चेहऱ्याची तीच उजवी बाजू, खांद्यावर तीच शाल. सगळे कॉपीबहाद्दर.

त्यांच्या कन्या सुधाताई ब्याऐंशीच्या, दृष्टी जवळजवळ गेलेली. त्या म्हणाल्या, "सर, एकाही चित्रात बाबांची डावी बाजू नाही. मी जायच्या आधी तेवढी मिळवून द्या." का, ते मात्र सांगेनात.

मग कळलं, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात त्यांचं हातमागावर विणलेलं चित्र आहे. भर दुपारी स्कूटरवरून गेलो आणि दारातच थबकलो. नाटककारांची डावी बाजू! भुवईवर तिरपा व्रण, हाताला लागेल असा जाड विणलेला.

विणणारा कारागीर वारलाय. त्याची बायको नरसम्मा तिथंच टॉवेलांच्या घड्या घालते. दुसऱ्या दिवशी तिनं घरून नवऱ्याजवळचं कात्रण आणून दाखवलं. तोच फोटो, उजवी बाजू, वर पेन्सिलीनं आखलेले चौकोन.

"आमच्या घरधन्यांनी ह्या साहेबांना कदी बगितलंच न्हाय की," ती म्हणाली. "अर्दं विणून झाल्यावर म्हणले, साहेबांनी मान वळवली. मी म्हटलं, काय बी बोलू नका. तर म्हणले, वळवली तशी विणतो, माझं काय जातंय."

विणताना चित्र उलटं आलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण मग व्रण कुठून आला?

कारखानदारांना विचारून चित्र सुधाताईंकडे नेलं. त्यांनी चित्रातल्या कपाळावरून बोटं फिरवली, भुवईवर आणली... आणि बोट तिथंच थांबलं.

"सात वर्षांची होते. रागाच्या भरात बाबांना पाटी फेकून मारली. ते सगळ्यांना सांगायचे, दार लागलं म्हणून. पण नंतर या बाजूनं कधी फोटो काढू दिला नाही. मला वाटायचं, माझ्याकडूनच तोंड फिरवलंय. विचारायचं धाडस शेवटपर्यंत झालं नाही."

"पुस्तकात घालू की नको हे चित्र?" मी विचारलं.

"घाला की. खाली लिहा, पाटी सुधानं मारली. आता त्यांनीच दाखवलंय, तर मी कशाला लपवू?"

ती ओळ पुस्तकात आहे. जो व्रण एकाही फोटोत नाही, तो त्यांना कधी न पाहिलेल्या विणकराला कसा दिसला? कात्रण माझ्या टेबलावर आहे, भिंग लावून अनेकदा पाहिलं. त्यात उजवीच बाजू आहे.

हे सगळं नरसम्माला जाऊन सांगितलं. तिला काही विशेष वाटलं नाही. टॉवेलाची घडी घालता घालताच म्हणाली, "बाप हाय ओ. पोरीकडं बगणारच की."