गोलसमोर लावलेली एसटी

विल्सन गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोनईत होतो. मावसबहिणीच्या घरची वास्तुशांत, पंगत बसलेली, ताटात नुकतीच दुसरी पुरणपोळी पडली होती आणि खिशातला फोन थरथरायला लागला. पलीकडे मार्थावहिनी. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मागून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता... अशा वेळी माणसाला दुःख होतं म्हणतात. मला राग आला. वहिनींचा नाही, देवाचाही नाही. विल्सनचा. हात धुतले, यजमानांनाही काही न सांगता फाट्यावर आलो आणि श्रीरामपूरची गाडी येईपर्यंत मनातल्या मनात त्याला शिव्या घालत उभा राहिलो. आता महिना होत आला. शिव्या कमी झाल्यात, राग तेवढाच आहे. म्हणून लिहायला बसलो.

विल्सन त्रिभुवन आणि मी श्रीरामपुरातल्या एका मिशनच्या शाळेत एका बाकावर बसायचो. तो तिथल्या बोर्डिंगातला, मी सोनईहून मामाकडे शिकायला आलेला. सगळ्या जिल्ह्यात पोरं क्रिकेट नाहीतर कबड्डी खेळायची, आमच्या शाळेत मात्र फुटबॉल होता, कारण फार पूर्वी कुणा गोऱ्या पाद्र्यानं तो लावून दिला होता आणि पुढच्यांनी तो बंद करायचं मनावर घेतलं नाही. विल्सन पुढे खेळायचा, मी बॅकला. बॅकला म्हणजे काय, ज्याला पुढं पळता येत नाही त्याला मागे उभं करतात, तसा. एकदा नगरला मोठ्या शाळेशी सामना होता. आम्ही एका गोलनं पुढे. शेवटची काही मिनिटं उरलेली आणि सर काठावरून घसा फोडून ओरडतायत, सगळे मागे या, सगळे मागे. दहाजण आले. विल्सन एकटा पुढे उभा. चेंडू मिळाला तसा तो सुटला, दोघांना चकवलं, तिसऱ्यानं चेंडू काढून घेतला आणि त्यातूनच आमच्यावर गोल झाला. मग आणखी एक. हरलो. सरांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं तेव्हा हा शांतपणे म्हणाला, "सर, मी मागं येऊन काय करनार हुतो? मला अडवता येतच न्हाई." त्यावर सरांनाही हसू आलं. मार मात्र मला पडला, कारण गोल माझ्या बाजूनं झाला होता.

पुढे तो साखर कारखान्यात फिटर झाला, मी हायस्कुलात भूगोल शिकवायला लागलो. लग्नं झाली, पोरंबाळं झाली, गुडघे बोलायला लागले आणि खेळ सुटला. मग घरोघरी केबल आली, आणि एका संध्याकाळी विल्सन सायकल दारात आडवी टाकून आमच्या घरात घुसला. "मास्तर, टीव्हीवर आपला खेळ लागलाय!" आपला खेळ म्हणजे युरोपातला. त्या दिवशी लाल जर्सीतला जो इंग्लंडचा क्लब खेळत होता, तो आमचा झाला. नाव लिहीत नाही. श्रीरामपुरात आपले दोन पाठीराखे आहेत हे त्यांना इतकी वर्षं कळलं नाही, आता एक उरल्यावर कळून काय उपयोग.

हा क्लब आपल्या देशात दणकून खेळायचा. पण युरोपातल्या मोठ्या स्पर्धेत गेला की त्याचं पाणी पाणी व्हायचं. तिथे बाद फेरीत दोन मॅच असतात, एक त्यांच्या मैदानावर, एक आपल्या, आणि दोन्हींचे गोल एकत्र धरतात. त्यामुळे परक्या मैदानावर गेलं की आमचे कोच एकजात एकच करायचे. पुढचा एक माणूस काढायचा, मागे एक वाढवायचा आणि शून्य-शून्य झालं की खूश व्हायचं. पुढचं पुढच्या मॅचला बघू. कोच बदलले, खेळाडू बदलले, हे बदललं नाही. कॉमेंटरीवाले याला गोलसमोर बस उभी करणं म्हणतात. विल्सननं त्या बसची एसटी केली. "लावली बघ एस्टी! आरं, श्रीरामपूर डेपोच्या समद्या गाड्या आनून लावल्या गोलम्होरं!" असं म्हणत तो खुर्चीतून उठायचा, टीव्हीजवळ जायचा आणि कोचच्या तोंडासमोर बोट नाचवायचा. "परक्याच्या दारात गेलाय तर कडी तरी वाजव की. हितं काय मयतीला आलाय का, गुमान बसाया?"

या मॅच आपल्याकडे मध्यरात्रीनंतर लागतात. वय झाल्यावर जागरण झेपेना, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी विल्सनच्या घरी आम्ही झालेली मॅच बघायचो. अट एकच, निकाल आधी कळता कामा नये. सकाळपासून त्याचा मोबाईल बंद, पेपरातलं खेळाचं पान वहिनी काढून ठेवायच्या. खरं तर एवढा बंदोबस्त करायचं कारण नव्हतं, कारण श्रीरामपुरात आम्हाला तो निकाल सांगेल असा तिसरा माणूसच नव्हता. पण विल्सनला सगळं कोरं हवं असायचं. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "ती म्याच रातीच संपली. तुमी आता कोनावर वरडताय?" हा वळूनही न बघता म्हणायचा, "त्यांची संपली. आपली चालू हाय अजून." या महिन्यात ते फार आठवलं, कारण मीसुद्धा आता संपलेल्यावरच ओरडतोय.

एक मॅच तर मी विसरणार नाही. स्पेनमधल्या एका क्लबविरुद्ध होती. आमच्यांनी पूर्ण वेळ नुसतं अडवलं. चेंडू मिळाला की लांब फेकून द्यायचा आणि परत रांगेत उभं राहायचं, असं चाललं होतं. आणि अगदी शेवटी गोल खाल्ला. मला वाटलं आता विल्सन टीव्ही फोडतो. तो ओरडला नाही. खुर्चीत बसून राहिला, डोळ्यांत पाणी. साठीला आलेला, हातोडी चालवून राकट झालेला माणूस परदेशातल्या पोरांसाठी रडतोय, हे बघून मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. "एकदा तरी गोलावर मारायचा हुता रं," तो म्हणाला. "मारून हरले आस्ते तर मी एक शबूद बोललो नस्तो..." त्या दिवशी चहा तसाच गार झाला.

तो चर्चच्या गायनात होता. आवाज असा खणखणीत की बाकीचे गातात की नुसतं तोंड हलवतात हे कळायचं नाही. एका रविवारी गाता गाताच त्याच्या छातीत कळ आली. नगरला नेलं, तपासण्या झाल्या, तीन रक्तवाहिन्या बंद होत आलेल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नीट समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, "काका, बायपास करून घ्या. अंगात ताकद आहे तोवरच करून घ्या. गोळ्यांवरही काही लोक राहतात, पण मी तुम्हाला ते सुचवणार नाही." विल्सननं सगळं ऐकून घेतलं, हात जोडले आणि बाहेर आला.

परत येताना उसाच्या ट्रॅक्टरांमागे गाडी सरकेना, म्हणून देवळाली प्रवराच्या अलीकडे चहाला थांबलो. मी विचारलं, "तारीख कधीची घ्यायची?"

"बघू."

"बघू काय? बाई काय म्हणाली, कळलं ना तुला?"

"आदी गोळ्यांवर बघू. आत्ता एकच धोरन, मास्तर. गोल खायाचा न्हाई."

मला वाटलं, थट्टा करतोय. तोंडाकडे बघितलं तर थट्टा नव्हती. शेजारी वहिनी पदर तोंडाला लावून बसलेल्या. त्यांचा भाऊ पुण्याला असल्याच ऑपरेशनला गेला होता आणि परत अॅम्ब्युलन्समधून आला होता. "मला ह्यांना फाडायचं न्हाई, भाऊजी," त्या म्हणाल्या. "माजा भाऊ बी हसत हसत आत गेल्ता." विल्सनवर मात्र मी तुटून पडलो. टपरीवरचे लोक वळून बघेपर्यंत ओरडलो. "एसटी लावतोस काय रे? तू? जन्मभर ज्यांना शिव्या दिल्यास त्यांच्यासारखा?" त्यानं चहावर फुंकर मारली, एक घोट घेतला. "तवा मी बघनारा हुतो, मास्तर," तो म्हणाला. "आता मैदानात हाय." मग तो टपरीवाल्याचे पैसे द्यायला उठला.

त्यानंतर जे झालं ते बघणं मला फार जड गेलं. आधी मीठ सुटलं, ते ठीक. मग सायकल सुटली. मग चर्चच्या पायऱ्या नकोत म्हणून गायन सुटलं, आणि नाताळात घरोघर गाणी म्हणत फिरणाऱ्या मंडळींना हा दारातच बसून ऐकायला लागला. कुणी विनोद सांगितला तर बेतानं हसायचा. जोरात हसलं तर छातीवर ताण येईल, अशी भीती. गोळ्या वेळेवर, जेवण वेळेवर, झोप वेळेवर... आणि ज्या जिवासाठी हे सगळं चाललं होतं, तो जीव घरात कुठे दिसेना. मी महिन्या-दोन महिन्यांनी विषय काढायचो. "नगरला फोन लावू का?" तो म्हणायचा, "चाललंय की बरं. ह्यो हंगाम जाऊ दे." हंगाम गेला, दुसरा आला.

मॅच बघणं चालू होतं, पण आधी आवाज बंद करून. मग एका दुपारी मी गेलो तर टीव्ही लावलेलाच नाही. विल्सन पलंगावर पाठीला उशी लावून बसलेला. म्हणाला, "तू आदी मोबाईलवर निकाल बघ. जिंकले आस्तील तर लावू. हरले आस्तील तर ऱ्हाऊ दे." मी निकाल बघितला. हरले होते. "राहू दे," मी म्हणालो, आणि आम्ही दोघं बंद टीव्हीसमोर बिनमिठाची भेळ खात बसलो, कारखान्याच्या जुन्या गोष्टी काढत. घरी येताना रस्त्यात मला रडू कोसळलं. माझा मित्र अजून जिवंत होता आणि मी त्याच्यासाठी रडत होतो, हे बायकोलाही सांगता आलं नाही.

तो दाढी करताना गेला. अर्ध्या गालाला साबण तसाच. डॉक्टर म्हणाले, कळलंही नसेल त्याला. ऑपरेशन केलं असतं तर वाचला असता का? मला ठाऊक नाही. टेबलावरच गेला असता, असंही होऊ शकलं असतं, आणि मग मी वहिनींच्या नजरेला नजर देऊ शकलो नसतो. हे सगळं मला समजतं. मी शिकलेला माणूस आहे, चाळीस मुलांच्या वर्गाला नकाशे समजावले आहेत. तरी पहाटे जाग येते आणि छातीत एकच गोष्ट ठणकत राहते, की विल्सननं एकदाही गोलावर मारलं नाही. याचं काय करायचं, मला कळत नाही. कुणाशी भांडायचं, तेही कळत नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "भाऊजी, म्याच हाय का आज? यायचं तर या ना. घर खायला उठतंय." खरं तर जायची इच्छा नव्हती. गेलो. वहिनींनी विल्सनची खुर्ची भिंतीकडे सरकवली होती, त्यांनी स्वतःसाठी पाट घेतला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या मॅच बघायला बसल्या. आमच्या क्लबनं सुरुवातीलाच एक गोल केला, आणि मग व्हायचं तेच झालं. सगळे मागे. परक्या मैदानावर दहाजण गोलसमोर रांग लावून उभे. मी दात-ओठ खात होतो. मनात म्हणत होतो, आता खाणार गोल, आता खाणार... आणि खोटं कशाला बोलू, त्यांनी खावा असंच मला वाटत होतं. या भित्र्यांना एकदा तरी त्याची शिक्षा मिळालेली मला बघायची होती. वहिनी हात जोडून बसलेल्या. चेंडू गोलजवळ गेला की त्यांचे ओठ हलायचे. पंचानं शेवटची शिट्टी फुंकली. आमचे खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडले.

"संपली?" वहिनींनी विचारलं.

"संपली."

"जिंकले?"

"जिंकले, वहिनी."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग माझ्याकडे वळल्या, आणि शाळेतली पोर गणित अडल्यावर विचारते तशा, अगदी साधेपणानं म्हणाल्या, "मागं थांबूनच जिंकले ना ते? ...मग ह्यांचं काय चुकलं, भाऊजी?"