हात मागे बांधायचं ट्रेनिंग

दशरथदादा आज सकाळी गेले.
त्यांचं नुकसान मी केलं होतं. ते त्यांना कधी कळलं नाही, कारण मी सांगितलंच नाही.

साठचं दशक संपत आलं होतं. बालाघाटजवळच्या मँगनीजच्या खाणीत मी नवा ओव्हरसियर होतो.
वय चोवीस. अक्कल बेताची, रुबाब भरपूर.

दादा कटंगीकडचे. माझ्या हाताखाली ड्रिलर. दगडाला त्यांच्यासारखं भोक पाडणारा खाणीत दुसरा नव्हता.

मेटची जागा रिकामी झाली. मेट म्हणजे बारा जणांच्या गँगचा म्होरक्या.
मॅनेजरसाहेबांनी मला विचारलं, "दशरथला आधी महिनाभर नागपूरला सुपरवायझर ट्रेनिंगला पाठवू या का?"

मी हसलो. "त्याला काय शिकवायचं साहेब? आणि महिनाभर तो नसला तर आपलं काम कोण ओढणार?"

झालं. सोमवारी दादा ड्रिलर होते, मंगळवारी मेट.

मग रोज एकच तमाशा. कुणाचा हात जरा चुकला की दादा धावत जायचे.
"सरक बाजूले. मी करतो."

दादा घामाघूम, आणि गँग दगडावर बसून तंबाखू मळतेय. मला तेव्हा गंमत वाटायची, खरं सांगतो.

वर्षभरात एकेक जण माझ्याकडे येऊ लागला.
"साहेब, मले दुसऱ्या गँगमंदी टाका. दादा कामाले हातच लावू देत नाही."

शेवटी वरून ऑर्डर आली. दादा पुन्हा ड्रिलवर, त्याच गँगमध्ये. मेट झाला त्यांनीच पूर्वी ड्रिल शिकवलेला माणूस.
त्या दिवशी दादांनी डबा उघडला नाही.

पुढच्या वर्षी त्याच ट्रेनिंगला मी गेलो.
पहिल्याच दिवशी मास्तरांनी आम्हाला हात मागे बांधून उभं केलं. समोर एक नवखा माणूस पंप जोडत होता, आणि चुकत होता.
"तोंडानं सांगा. हात लावायचा नाही."
तासभर माझे हात शिवशिवत होते.

परत आल्यावर मोठ्या हौसेनं दादांना हे सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले,
"हे मले पयले काहून नाही सांगतलं, साहेब?"

मी काहीतरी पुटपुटून सटकलो. महिनाभराचं काम वाचवलं होतं मी. त्यात एका चांगल्या माणसाचा मान गेला.

गेल्या वर्षी त्यांच्या घरी गेलो होतो. अंगणात त्यांचा मुलगा हातपंप उघडून बसला होता, पाना उलटा फिरवत होता.

दादा शेजारी उभे. दोन्ही हात मागे, एकात एक घट्ट धरलेले.
मला पाहून हसले.
"पाहा साहेब. आता मी सांगतो, तो करते."

मुलाचा पाना पुन्हा घसरला, पण दादांनी हात सोडले नाहीत.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी नुसता चहा पिऊन आलो.

दादा, तुम्हाला ट्रेनिंगला पाठवू नका म्हणणारा मीच होतो.
माफ करा. शेवटचा नमस्कार.