नदीने न केलेला खड्डा

नववीच्या मुलींना मी नदी शिकवते, आणि नदी फळ्यावर शिकवणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. अहो, शाळेच्या फाटकातून बाहेर पडलं की थोड्याच वेळात कावेरी! तरी पोरी पुस्तकातलं चित्र बघून ‘गाळ म्हणजे काय’ पाठ करतात. म्हणून दर जूनमध्ये, मेट्टूरच्या धरणाचं पाणी सुटायच्या आत, मी वर्ग कोरड्या पात्रात उतरवते. वाळूचे थर बघायचे, उरल्यासुरल्या डबक्यांत शिंपले नि गोगलगायी शोधायच्या, त्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, तपासायचा. कागदाच्या पट्टीचा रंग बदलला की एखादी हमखास विचारते, ‘किती डिग्री, मिस?’ कुंभकोणमच्या पोरी त्या. कॉफीच्या दुधाचा कसही डिग्रीवर जोखणाऱ्या गावात वाढलेल्या. मीही हसून घेते.

त्या वर्षी एकाच मुलीला घरून परवानगी मिळाली नाही. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी नेमकी तीच. ‘आई नको म्हणते,’ एवढंच सांगायची. माझं डोकं फिरलं. कोरडं ठाक पात्र, पायाचा अंगठासुद्धा भिजत नाही, आणि नको कशाला? शाळा सुटल्यावर बस धरली आणि तडक तिरुवलंचुळीला तिच्या घरी गेले.

घर आमच्यातलंच, मराठी बोलणारं. आमचं मराठी तंजावरचं, जुन्या वळणाचं. पुण्याचे पाहुणे ऐकून गालातल्या गालात हसतात. हसोत बापडे. तिच्या आईने कॉफी पुढे ठेवली, मुलीला आत पाठवलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “टीचर, नदीने माझा मुलगा नेला. आता हिलाही तिच्या हवाली करू?”

माझा सगळा तोरा उतरला. हातातली कॉफी खाली ठेवली.

आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी इकडे नव्या पाण्याची पूजा असते. कावेरीला तेव्हा गर्भार मानतात. तिला डोहाळे लागतात, म्हणून बायका चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात घेऊन घाटावर जातात, काळ्या मण्यांची पोत वाहतात. “दोन वर्षांपूर्वी मी कंटाळा केला,” ती म्हणाली. “नळाखाली कलश भरला आणि घरीच पूजा उरकली. नळाला नैवेद्य दाखवला मी! तिचे डोहाळे पुरवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो आंघोळीला गेला. लहानपणापासून डुंबायचा तिथेच, टीचर. कमरेएवढं पाणी असायचं तिथे. पोहतासुद्धा यायचं त्याला.”

नदीला राग येत नाही, लोभही नसतो, असं मी वर्गात ठणकावून सांगते. त्या बाईसमोर ते वाक्य तोंडातून फुटेना. कसंबसं म्हणाले, “पाणी यायच्या आत नेते आणि पाणी यायच्या आत आणून सोडते. माझ्या जबाबदारीवर.” पदराचं टोक चाळवत ती म्हणाली, “पाणी नसताना न्या.”

पात्रात उतरायच्या दिवशी ती मुलगीच म्हणाली, “मिस, बसने आमच्या गावाजवळच्या वळणावर जाऊ या?” ती कुठे नेतेय ते मला कळलं: तिचा भाऊ बुडाला तिथेच. तरी नाही म्हणवेना.

वळणाच्या आतल्या अंगाला पाणी मंदावतं, वाळू टाकतं. तिथे तळ हळूहळू उतरत जायला हवा. आणि इथे मधोमध भला मोठा खड्डा! मी आत उभी राहिले तर डोकंही दिसणार नाही एवढा खोल, बाजू सुरीने वडी कापावी तशा उभ्या. त्या कड्यात वरची भरड वाळू, खालची बारीक, तळाची काळी माती असे सगळे थर उघडे पडले होते. माझ्यातली मास्तरीण मेली हावरट! भान विसरून शिकवायला लागले.

“मिस, हा नदीने केला?” तिने विचारलं.

“छे! नदी उतार करते. असा कडा फावड्याचा. दर उन्हाळ्यात वाळू चोरून नेतात मेले.”

“आणि पाणी आल्यावर दिसतो?”

“कसा दिसेल? नवं पाणी गढूळ असतं.”

बोलून गेले आणि मग माझं मलाच ऐकू आलं. ती काठ चढून घराकडे धावत सुटली होती.

आईला हाताला धरून घेऊन आली. बाई अनवाणीच होती. मुलीने तिला कड्यापाशी उभं केलं आणि माझा धडा जसाच्या तसा म्हणून दाखवला: मंद पाणी, उतार, फावडं, गढूळ. आईने वाकून त्या उभ्या कड्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळली.

“टीचर, म्हणजे मजवर रागावली नव्हती ती?”

“नाही हो,” मी म्हणाले. “मुळीच नाही.” नदीला रागच नसतो हे शास्त्र गेलं चुलीत.

ती तिथेच वाळूत बसली. तेव्हा तिची मुलगी मला म्हणाली, “आईने कंटाळा केला नव्हता, मिस. तुम्हाला सांगत होती ते मी आतून ऐकलं. त्या दिवशी मला ताप होता. ती माझ्या उशाशी बसून होती, म्हणून घाटावर गेली नाही.”

“कशास सांगितलंस ते?” आई तिच्यावर ओरडली. “तुला बोल लागू नये म्हणून तर मी...”

“तो बोल मी स्वतःला कधीच लावून घेतला होता, आई,” मुलगी म्हणाली.