शिडाखालची कणगी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवालाही नाही — देवळात उभी राहिले की ओठ हलतात, पण हे शब्द काही बाहेर येत नाहीत. तुम्ही आमच्या बुरोंडीचे नाही, म्हणून कदाचित जमेल.

आमच्याकडे पावसाळ्यात दर्या बंद. होड्या वर ओढलेल्या, मुंबईची गलबतं नाहीत, घरात असेल तेवढ्यावरच दिवस काढायचे. म्हणून बाईची किंमत तिच्या बेगमीवर ठरते. तांदूळ, सुके बोंबील, मीठ, कोकमं, मातीत घोळवलेल्या फणसाच्या आठळ्या. मृगाआधी शेजारणी काहीतरी निमित्त काढून येतात आणि हळूच माळ्याकडे बघून जातात. माझ्या घरातून त्या गप्प होऊन जात. मला केवढा गर्व होता त्याचा! साठवून ठेवण्यात पाप कसलं?

मधल्या भिंतीपलीकडे माझी धाकटी जाऊ राहायची, येसू. त्या वर्षी वैशाखातच वादळ झालं आणि दिराची होडी खडकावर फुटली. सुकी मासळी देऊन वरच्या गावांतून भात आणायचं, तर ती मासळीच होडीबरोबर गेली. दीर पाय मोडून घरात पडला.

आषाढात येसू आली. भिजलेली, दारातच उभी.

"अक्का, वाईच तांदूळ देशील काय गो? दर्या उघडला का फेडीन."

"माझीच कणगी झाडून झाली गो, येसू."

किती सहज बोलले मी! जणू वाक्य तयारच होतं. होतंच — का खोटं बोलू? होडी फुटल्याची हाक आली, सगळा गाव किनाऱ्यावर धावला, तेव्हा मी माळ्यावर होते. भरलेल्या कणगीवर जुनं शीड पसरत होते, पुढे जाळ्यांचा ढीग लावत होते. ती मागायला येणार, हे तिच्याआधी मला ठाऊक होतं.

नवरा मुंबईला गोदीत. विचारणारं कोण? येसू खेकडे धरायला, टाकळ्याची रानभाजी खुडायला गेली की मी भात शिजवायची. दार लावून माझ्या पोरांना वाढायची आणि बाहेर बोललात तर चटका देईन म्हणायची. मग उरलेल्या पेजेत पाणी ओतायची.

ती पेज येसूच्या चंद्रीसाठी. चारेक वर्षांची पोर, रोज दुपारी वाडगा घेऊन यायची. मी वाडगा भरायची — पाण्याने. "अक्का, आज शितं हायेत?" असं विचारायची. मी म्हणायची, "उद्या हां, बाय."

श्रावणात तिला ताप आला. वैद्य म्हणाला, अंगात काही उरलंच नाही, ताप कशाशी झुंजणार? मी बाकीचं ऐकलंच नाही, फक्त ताप एवढा शब्द धरून ठेवला. तापानेच गेली ना ती? मग?

बाराव्याला बायका जमल्या. येसूने सगळ्यांसमोर माझे पाय धरले. "अक्काकडं काय नव्हतं, तरी स्वतःच्या पोरांच्या तोंडचा घास माझ्या चंद्रीला दिलान." बायका माझ्याकडे बघून डोळे पुसायला लागल्या. तेव्हा बोलायला हवं होतं. मी येसूला उठवलं, जवळ घेतलं — आणि रडले. ते रडणंही लोकांनी माझ्या नावावर जमा केलं.

नारळी पौर्णिमा होऊन गेली, दर्या उघडला, गलबतांतून तांदूळ आला. शीड काढलं तर कणगीत निम्म्याहून जास्त तांदूळ उरलेला. किड्यांनी वळवळत होता. येसू बाजाराला गेली तेव्हा पाट्या भरभरून खाडीत ओतला. मासे उड्या मारत वर आले.

लहानपणी मी उपास काढलेत. पण ते मी इथे सांगणार नाही, त्याने तांदूळ परत येत नाही.

पुढल्या वर्षी येसूला पुन्हा मुलगी झाली. तिने बारशाला कुणाला विचारलं नाही, नाव आधीच ठरवलं होतं. जानकी. माझं नाव. आता पोर मोठी झाली आहे. भिंतीपलीकडून येसू दिवसभर तिला हाका मारते, आणि प्रत्येक हाकेला मी मान वर करते.