आतून कोण बोललं

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी, बी.ए.ला असताना, आम्हाला एक जुनी इंग्रजी भयकथा अभ्यासाला होती. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. बनशंकरी भागातल्या आमच्या घरात तेव्हा मी आणि बाबा दोघंच उरलो होतो. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते.

कथेत एक विधुर होता. दगडी बंगल्यात बहिणीसोबत राहायचा. मेलेल्या बायकोच्या बंद खोलीतून त्याला चाहूल लागायची. शेवटी तो दारावर टकटक करतो, आतून ‘ये’ असं ऐकू येतं आणि कथा तिथेच संपते.

आतून कोण बोललं, एवढाच प्रश्न आमच्या बाईंनी घातला आणि सांगितलं, काय वाटतं ते लिहा, पण कथेतल्या आधाराने. वर्गात दोन तट पडले. निम्मे म्हणाले भूत, निम्मे म्हणाले भ्रम. मी भ्रमवाल्यांत होते. माणूस झोपत नाही, जेवत नाही, त्याला भास होणारच. माझं लिखाण जवळजवळ पुरं झालं होतं.

त्या संध्याकाळी दिवे गेले होते. खिडकीशी उरलेल्या उजेडात मी शेवटचं पान लिहीत होते. बाबा कारखान्याच्या बसने आले, चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेले. भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. मग ते अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, “चहा टाकू का गं?”

मी घरात आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या वेळी मी एरवी लायब्ररीत असायचे. प्रश्न मला नव्हता. आई होती तेव्हाही ते घरात शिरल्या शिरल्या हेच विचारायचे.

स्वयंपाकघरात सगळं थांबलं होतं, काडीही ओढली गेली नव्हती. ते वाट बघत होते. ती शांतता मला सोसवेना.

“हो, टाका,” मी म्हणाले.

आईही त्यांना अहो-जाहोच करायची, त्यामुळे शब्द तिचेच आले. आवाजही, लोक म्हणायचे, मी तिचाच घेतलाय. बराच वेळ काही हललं नाही. मग काडी ओढल्याचा आवाज आला. दोन कप घेऊन बाबा बाहेर आले, मला पाहून दारातच थांबले. चेहऱ्यावर नेमकं काय होतं ते अंधारात दिसलं नाही. “तू आहेस होय,” म्हणाले आणि एक कप माझ्यापुढे ठेवला.

मी लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून नव्याने लिहिलं. आतून बहीण बोलली असेल, असं. भाऊ दाराशी ताटकळलेला तिला बघवला नसेल. बाईंनी मला बोलावून घेतलं. बहीण त्या खोलीत होती याला कथेत कुठेच आधार नाही, असं सांगून त्यांनी मार्क कापले. मग विचारलं, हे सुचलं कुठून? मी माझे कागद उचलून निघाले.

लायब्ररी सोडून मी त्या वेळी घरी यायला लागले. बाबा रोज विचारत राहिले आणि मी रोज हो म्हणत राहिले. प्रश्न कोणाला होता, हे आम्ही कधी बोललो नाही.

पावसाळ्यात एकदा मला यायला उशीर झाला. अंगणाचं फाटक लावत होते तेव्हा आतून त्यांचा प्रश्न ऐकू आला. मला धाप लागली होती. मी उत्तर देण्याआधीच काडी ओढली गेली, स्टोव्ह पेटला.

मी आत गेले. चहात साखर घालत बाबा म्हणाले, “आज हळू का बोललीस? बरं नाहीये का?”

मी म्हणाले, घसा बसलाय.