थोरल्या जाऊबाई आणि लाँचचं तेल

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत औषधाच्या सतरा बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. प्रत्येकीत बोटभर लाल पातळ काहीतरी आणि वर चिकटपट्टीवर तारीख. घरात कुणीतरी फार आजारी आहे आणि ते आपल्यापासून लपवलंय, असं मला वाटलं. दोन दिवस मूग गिळून बसले. तिसऱ्या दिवशी भाजी चिरताना थोरल्या जाऊबाईंना हळूच विचारलं, "भावजींचं औषध का हो हे?"

त्या इतक्या हसल्या की विळीवरून उठावं लागलं. "अगं, लाँचच्या गिअरबॉक्सचं तेल आहे ते! पिऊ नकोस हं."

भावजी म्हणजे माझे मोठे दीर. खाडीच्या या काठावरची माणसं त्या काठाला नेणारी लाँच त्यांची होती. लाँचचं सुकाणू त्यांच्या हातात, पण इंजिन जाऊबाईंच्या. भावजी ताडमाड उंच, त्यात पाठीचं दुखणं. फळ्या उचलून इंजिनाशेजारच्या वीतभर जागेत उतरायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. जाऊबाई अंगानं चिपाडासारख्या. एकदा आत पडलेला पाना काढायला म्हणून उतरल्या आणि पुढची बावीस वर्षं उतरत राहिल्या. शिकवलं इंजिनाच्या मिस्त्रींनी. ते दर दोन-तीन महिन्यांनी शहरातून यायचे, आणि वर बसून सूचना द्यायला मिळतात म्हणून खूश असायचे.

बाटल्यांचं वेड मात्र जाऊबाईंचं स्वतःचं. त्यांचे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. मिश्रण तयार झालं की बाटली खिडकीपाशी धरून बघायची ही त्यांची सवय लेकीनं उचलली होती. तेल बदललं की जुन्याचा थोडा नमुना बाटलीत भरायचा, तारीख घालायची, आणि आधीच्या बाटलीशेजारी उजेडात धरायचं. "काळं पडलं आणि जळका वास आला तर आतल्या क्लचच्या चकत्या घासतायत," त्या सांगायच्या. "धुरकट झालं तर पाणी. माणसाची लघवी तपासतात ना, तसंच समज." हे त्या जेवताना सांगायच्या. भावजी ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे.

मला पहिल्यांदा धक्क्यावर नेलं ते बॅटरी धरायला. मी खाली वाकून उजेड दाखवत होते आणि पदर नाकाला लावला होता. जाऊबाईंनी आधी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. तेल कोमट झालं की पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर येतं. मग इंजिन बंद करून त्यांनी तेल मोजायची पट्टी उपसली, त्या भोकातून बारीक नळी सोडली आणि हातपंपानं तेल डब्यात ओढायला लागल्या.

"खाली बूच नाही का?" मी विचारलं.

"आहे की. पण तिथे हात पोचायला कोपराला आणखी एक कोपर हवं. ज्यानं हे बसवलं त्याला ते कधी उघडायचं नव्हतं."

नवं तेल भरलं तरी काम संपत नसे. दोर पक्के बांधायचे, इंजिन चालू करायचं, गिअर एकदा पुढे आणि एकदा मागे टाकायचा. तेल नळ्यांमध्ये आणि खाडीच्या पाण्यानं ते थंड करणाऱ्या कूलरमध्ये शिरलं की पातळी उतरते. मग थांबून पुन्हा मोजायचं. "पहिल्या मापावर विश्वास ठेवू नये," त्या म्हणायच्या आणि नाकावरचा तेलाचा ठिपका मनगटानं आणखी पसरवायच्या. धक्क्यावर सगळे त्यांना तेलवहिनी म्हणत. तोंडावरसुद्धा.

माझ्या लग्नानंतरच्या चौथ्या वर्षीची गोष्ट. सकाळी आठला शाळेच्या चौतीस मुली धावण्याच्या शर्यतींसाठी पलीकडे जायच्या होत्या. मुली पांढऱ्या बुटांत, बाई शिट्टी गळ्यात घालून, सगळ्या धक्क्यावर हजर. मी डबे घेऊन गेले होते. भावजी टोपी नीट करत चढले, तेवढ्यात जाऊबाईंनी पट्टी काढली आणि तशाच हातात धरून राहिल्या. पट्टीवर गुलाबी दुधासारखं काहीतरी चिकटलं होतं.

"अहो, लाँच आज जायची नाही."

"काय झालं?"

"तेलात पाणी आहे."

"काल तर लोण्यासारखी चालत होती."

"काल मी बघितलं नव्हतं."

भावजींनी मुलींकडे बघितलं. एवढ्या वर्षांत त्यांनी एक खेप चुकवली नव्हती, आणि याचा त्यांना केवढा अभिमान होता ते अख्ख्या धक्क्याला माहीत होतं. आवाज खाली आणून ते म्हणाले, "एवढी एक खेप करतो. पोचवून येतो, मग दिवसभर बघ काय बघायचं ते."

"ओहोटी लागलीय. मधोमध गिअरनं दगा दिला तर लाँच कुठे जाते, ते तुम्हीच मला शिकवलंत."

"माझं नाक कापतेस सगळ्यांसमोर."

त्यावर जाऊबाई इंजिनावरच्या फळ्यांवर मांडी घालून बसल्या. कान लाल झाले होते. पण उठल्या नाहीत. शाळेच्या बाई म्हणाल्या, "अहो, मुलींनी सहा महिने तयारी केलीय!" तरी नाहीत. एक मुलगी रडायला लागली, तेव्हा फक्त त्यांनी मान फिरवली.

शेवटी मुली ट्रकनं लांबच्या रस्त्यानं गेल्या आणि पोचेपर्यंत शर्यती आटोपल्या होत्या. पुढे वर्षभर त्या बाई आमच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत.

निरोप मिळताच दुपारी मिस्त्री आले. त्यांनी कूलर उघडला. तेल थंड करणारी आतली नळी खाऱ्या पाण्यानं खाऊन टाकली होती. टाचणी जाईल एवढं भोक. भावजींनी घाईनं विचारलं, "एक खेप झाली असती की नाही?"

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "झालीही असती. नसतीही. गिअरचं काही सांगता येत नाही."

तेवढं वाक्य भावजींनी धरून ठेवलं. आठ दिवस ते जाऊबाईंशी बोलले नाहीत. मीठसुद्धा माझ्यामार्फत मागायचे. जाऊबाईंनी नवा कूलर बसवून घेतला, तीनदा तेल भरलं आणि तीनदा उपसलं. चौथ्यांदा तेल डाळिंबाच्या रसासारखं स्वच्छ दिसलं तेव्हा लाँच सोडू दिली. मला त्या एकदाच म्हणाल्या, "धाकटे, ती रडणारी पोर डोळ्यांसमोरून जात नाही गं." त्या चुकल्या होत्या की नाही, हे त्यांनाही कधी कळलं नाही.

नवव्या दिवशी भावजींनी परसात करवत काढली. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत सागवानी मांडणी बसली होती, पुढे पट्टी ठोकलेली. "वाऱ्यानं पडतील बाटल्या," एवढंच म्हणाले आणि पाय धुवायला गेले. जाऊबाईंनी त्या रात्री त्यांना वाढताना ताटात दोनदा तूप घातलं.

पूल झाला तेव्हा बाटल्या शंभराच्या वर गेल्या होत्या. माणसं बसनं जायला लागली. लाँचमध्ये कधी सात, कधी चार. एके दिवशी भावजी एकटेच पलीकडे गेले आणि एकटेच परत आले, आणि त्यांनी लाँच विकायचं ठरवलं. घेणारा खाडीच्या वरच्या अंगाला सहलीवाल्यांना फिरवणार होता. तो यायच्या सकाळी जाऊबाई धक्क्यावर गेल्या आणि इंजिन तापवायला लावलं. नळी, पंप, डबा, सगळं रीतसर.

घेणारा आला आणि गोंधळला. "वहिनी, कशाला त्रास? आम्ही इंजिन, गिअरबॉक्स सगळं नवंच टाकणार आहोत."

"टाका की," जाऊबाई आतूनच म्हणाल्या. "तोवर तर चालेल ना ही?"

भावजींनी दोर बांधले, गिअर पुढे-मागे करून दाखवला. पाठ धरून ते गुडघ्यांवर बसले आणि जाऊबाईंनी वर दिलेली पट्टी त्यांनी स्वतः पुसली, पुन्हा घालून मोजली. "बरोबर आहे," ते म्हणाले. मग हात देऊन त्यांना वर ओढलं.

लाँच वळणाआड जाईपर्यंत आम्ही तिघं उभे होतो. आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. जाऊबाई मान तिरकी करून ऐकत होत्या. भावजी म्हणाले, "दुसऱ्याची झाली ती आता. मिस्त्रीसारखं ऐकू नकोस, चल." त्या हसल्या, पण आवाज पुरता विरल्याशिवाय हलल्या नाहीत.