आईची फुंकर आणि माझा पंप

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी आईला घेऊन उल्हासनगरला छातीच्या डॉक्टरांकडे गेले, आणि तिथे भलतीच गंमत झाली. चुलत बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि आईचा एकच हट्ट... मना धवले बोलायचे हायेत, मना बरी करा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या आगरी लग्नात विधी-विधीला गाणं लागतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो म्हणणाऱ्या बाईला धवलारीण. आमच्या पालेगावात ती म्हणजे माझी आई.

लहानपणी मी तो आवाज अर्ध्या झोपेतच ऐकायचे... पहाटेचा गारवा, मांडवावरचे आंब्याचे टहाळे, चुलीचा निळसर धूर, आणि त्या धुरातून लांबच लांब येणारी आईची ओळ. मला तर वाटायचं, धूर आणि गाणं एकाच ठिकाणाहून निघतात. आता गावच्या शेतांत टॉवर उभे राहिलेत, पण डोळे मिटले की मी अजून तिथेच असते.

अलीकडे ती ओळ मध्येच तुटायला लागली होती. ओटा चढली तरी धाप, दोन शब्द बोलली तरी धाप. मला दमा लहानपणापासूनचा, त्यामुळे आईसाहेबांनी निदान स्वतःच करून टाकलेलं... "तुजाच दमा मना लागला गो!"

डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, मागच्या वेळी कॅप्सूलवालं मशीन दिलं होतं, ते कसं घेता? दाखवा बघू." आईने कमरेची पिशवी सोडली आणि मोठ्या ऐटीत बाहेर काढला... माझा दम्याचा पंप! माहेरी आल्यावर लागला तर जवळ असावा म्हणून मी कपाटात ठेवलेला एक्स्ट्रा.

मी कपाळावर हात मारला. मग तुझं मशीन कुठाय गं बाई? तर म्हणे, देव्हाऱ्याखाली, खोक्यासकट. "नवा हाय त्यो. हलदीला काडनार."

म्हणजे बघा, लग्नातल्या साडीसारखं औषध घडी घालून ठेवलेलं! आणि रोजच्याला लेकीचा पंप, कारण लेक त्यावर टणाटण चालते. हसू की रडू, मला कळेना.

डॉक्टर आधी मनसोक्त हसल्या. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी जे सांगितलं, ते माझ्या डोक्यात अजून घोळतंय...

आपण दोन्हीला दमाच म्हणतो, पण आत चाललेलं वेगळं. माझ्या शरीरातली राखण करणारी यंत्रणा जरा तापट. धुळीचा कण आला, रंगाचा वास आला, की चोर आला समजून आरडाओरडा. त्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी पुढे. श्वासनळ्या सुजतात, आवळतात. पंपातलं स्टेरॉइड त्यांना शांत करतं, आणि नळ्या परत मोकळ्या होतात.

आईच्या आजाराचं नाव सीओपीडी. "पण मॅडम, तिने जन्मात विडी ओढली नाही," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "चूल तर फुंकली ना?" वर्षानुवर्षं धूर आत गेला, तो निस्तरायला दुसऱ्याच पेशी धावल्या, न्यूट्रोफिल आणि त्यांच्या सोबतीच्या.

"वणवा विझवायला गाव धावावं आणि मग घरी परत जाऊच नये, तसं झालंय," त्या म्हणाल्या. त्या पेशी तिथेच ठाण मांडून बसतात, आणि त्यांच्याच रसायनांनी फुप्फुसाचे नाजूक फुगे विरत जातात. लेकीचं स्टेरॉइड त्यांना फारसं आवरत नाही. आईला हवं होतं नळ्या जास्त वेळ उघड्या ठेवणारं औषध... जे देवाजवळ बसलेलं.

आईने सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "धवला बोलाय व्हईल कं?"

डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. विरलेलं परत येणार नाही, म्हणाल्या. पण औषध रोज घ्या, चूल बंद करा, आणि श्वास नाकाने घेऊन ओठ गोल करून अगदी हळू सोडायला शिका. असलेला श्वास पुरवून वापरता येईल.

आईचा चेहरा उजळला. "म्हंजे फुकनीन फुकताव तशी?"

डॉक्टर म्हणाल्या, "अगदी तश्शी. फक्त समोर चूल नको." माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जिने घर जेवू घातलं त्या फुंकरीनेच तिचा श्वास खाल्ला, आणि आता तीच फुंकर तिला सांभाळणार होती.

घरी आल्यावर पहिल्यांदा ते खोकं उघडलं. मशीन रोज सुरू झालं, आणि परसातली चूल मोडताना आई बघत उभी राहिली. मग स्वतःच म्हणाली, "जाऊंदे, मेलीन लय खाल्ला मना."

गेल्या रविवारी हळद झाली. हळदीचे वडे या वेळी गॅसवर, तेही पार मागच्या अंगणात. आई मांडवात वाऱ्याच्या बाजूला बसलेली. काकांनी बँजोवाल्यांना थांबवलं आणि आईने ओळ उचलली...

अर्ध्यावर थांबली. पण तिने डोळे मिटले, ओठ गोल केले, आणि हळू... खूप हळू... फुंकर सोडली. कुणी घाई केली नाही, कुणी तिची ओळ पुढे नेली नाही, सगळ्या बाया नुसत्या वाट बघत बसल्या. मग राहिलेली अर्धी ओळ आली, बारीक, पण पूर्ण.

मी पण डोळे मिटले. आंब्याचे टहाळे, हळदीचा वास, आईचा आवाज... सगळं तेच. फक्त धूर कुठेच नव्हता, आणि गाणं तरी येत होतं.